दादूचे हात, सदाचे हात

रेवदंड्याच्या बंदरावर शिवदासशेठचं दुकान होतं, आणि त्या दुकानात दोन माणसं नुसती हात पसरायला ठेवलेली होती.

सरकारी शिक्क्याचे लोखंडी गज तेव्हा अजून आमच्या किनाऱ्याला पोचायचे होते. काथ्याचा सुंभ मोजायचा तो माणसाच्या हातांनी. दोन्ही हात आडवे ताणले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. हात कोणाचे, हे मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं. ते शेठने ठरवलं. वाडीतल्या बाया सुंभ विकायला आल्या की ताडासारखा दादू मोजायला उठायचा. मचव्यावाले नांगराच्या दोराला तोच सुंभ विकत घ्यायला आले की उठायचा खुजा सदा, आणि त्यातही त्याला कोपर जरा मुडपून ठेवायची सवय लावलेली. बाया यायच्या सकाळी आणि मचव्यावाले भरतीच्या वेळेला, म्हणून बायांना सदाचे आणि मचव्यावाल्यांना दादूचे हात कधी दिसले नाहीत.

नागावच्या येसूबाईचा जीव त्या दुकानात टांगलेल्या तांब्याच्या हंड्यावर जडला होता. घरचा हंडा गळका, त्यामुळे पाणी जावेच्या हंड्यातून आणायचं. जाऊ रोज विहिरीवर चार बायांत म्हणायची, "जपून हं जाऊबाई, माझ्या माहेरचा आहे. पोचा पडला तर तुमच्याकडून काय भरून घेणार मी?"

शेठ आपल्या गुजराती वळणाने म्हणाला होता, "शंभर वाव सुंभ लाव, अने हंडा तुझा, बेन."

येसूबाईने नारळाची सोडणं खाडीत कुजवली, बडवली, तळहाताची सालं जाईतो सुंभ वळला. घरी मोजला तर शंभराच्या वर. दुकानात दादूने मोजला तर शंभराला बराच कमी. हंडा वरच राहिला आणि ती गूळ-मीठ घेऊन परत आली. असं दोन वर्षं झालं.

तिसऱ्या वर्षी करमअली नाखव्याची बायको कुलसुम नारळ घ्यायला वाडीत आली. सुंभ वळताना पाहून म्हणाली, "काय करतेस गो हे वळून? त्या शेठचा सुंभ मचव्यावर नेला की आखडतो. परवा नांगर टाकला तर तो अर्ध्या पाण्यात लोंबकळत राहिला. माझा नाखवा त्याला शिव्या घालतोय, अन् नांगर मासळी बघतोय!"

"मचव्यावर आखडतो?" येसूबाई म्हणाली. "माझा तर दुकानात नेला की आखडतो."

दुकानात कोण मोजतं ते दोघींनी एकमेकींना सांगितलं. मग कुलसुमने पदर तोंडाला लावला आणि येसूबाईला ठसका लागला. हसता हसता बेत ठरला.

बाजाराच्या दिवशी येसूबाई मुद्दाम उशिरा, भरती चढताना दुकानात पोचली. मागे वाडीतली रंगू आणि आणखी दोघी आपापले भारे घेऊन. दादूने हात ताणले, छाती फुगवली, मोजलं.

"अठ्ठ्याऐंशी."

"लिहून ठेवा," येसूबाई गरिबासारखी म्हणाली.

तेवढ्यात करमअली कुलसुमला घेऊन आत आला. "शेठ, सुंभ पाहिजे. हाच, आत्ताच. पाणी चढलंय, मला थांबायला वेळ न्हाय."

शेठच्या कपाळाला घाम आला, पण आलेलं गिऱ्हाईक सोडवेना. सदा उठला. बिचाऱ्याला सवयीने कोपर मुडपायचंच माहीत.

"एकशे चौदा."

 मग रंगू म्हणाली, "अगो बाय! इथल्या इथे वाढला की! याला पाणी घातलं काय कोणी?"

जो हशा पिकला! करमअलीने मांडीवर थाप मारली. "झालं! आजपासून मला दादूच मोजून देईल."

"वा रे नाखवा!" येसूबाई उसळली. "मग माझा कोण मोजेल? सदाच मोजेल माझा!"

"लांडा हात? एका सुंभाला आता एकच माप, मग माझा नांगर पुन्हा लोंबकळेल तो?"

"लोंबकळू दे! माझा हंडा लोंबकळतोय त्याचं काय?"

कुलसुम नवऱ्याकडून, रंगू येसूबाईकडून. घटकेपूर्वी एका बाजूची माणसं आता एकमेकांच्या अंगावर आली. शेठने पंखा उचलला, लोडाला टेकला आणि गोड आवाजात म्हणाला, "भांडो नका. अगोदर तुमच्यात ठरवा, मग आम्ही मोजू."

त्या गोड आवाजाने येसूबाई भानावर आली. तिने दादूकडे पाहिलं, सदाकडे पाहिलं आणि मग गादीवरच्या त्या मऊ, गोल, मधल्या मापाच्या माणसाकडे पाहिलं.

"शेठ, तुम्ही उठा."

"हूं?"

"तुम्ही मोजा. एकदाच. जेवढा भरेल तेवढा मी विकला, अन् तेवढाच नाखव्याने घेतला."

"कबूल!" करमअली म्हणाला.

शेठला गादीवरून उठलेला कोणी पाहिला नव्हता. दादूने एका काखेत आणि सदाने दुसऱ्या काखेत हात घालून त्याला उभा केला. शेठने सुंभ धरला, हात पसरले आणि तो तसाच थिजला. ताणावेत, तर विकताना नुकसान. आखडावेत, तर घेताना. त्याचे हात थोडे लांब झाले, थोडे आत आले, पुन्हा लांब झाले. शेवटी देवाने जेवढे दिले होते तेवढ्यावर येऊन थांबले.

"एक," सगळे एका सुरात म्हणाले.

शंभर भरले तेव्हा वीतभर शेपूट उरलं होतं. धोतर सुटायला आलेलं, सदरा चिंब भिजलेला. सदाने काठीने हंडा खाली काढला आणि येसूबाईने तो पोटाशी धरला. शेठ लोडाकडे वळला.

"कुठे निघालात, शेठ?" रंगूने आपला भारा त्याच्या पायाशी सोडला. "अजून आम्ही तिघी हाव की."