चार मिनिटं कमी

माझ्या धाकट्या जावेला कौतुक करून घ्यायची कला उपजत आहे. मला ती नाही आणि त्याची मला जळजळ होते. उगाच कशाला लपवू?

सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा घरच्या घरी समारंभ केला होता. कॅमेरा एक, टेप एक. त्या टेपवरून आम्ही दोघींनी आपापली डिस्क केली. तिने डिस्कवर सासूसासऱ्यांचा रंगीत फोटो छापून चिकटवला, भोवती गुलाब. सासूबाई ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या. माझी डिस्क कोरी, मधल्या भोकाजवळ पेनने फक्त तारीख. "ही कसली गं? दवाखान्यातली वाटते," असं त्या म्हणाल्या आणि जाऊ खुदकन हसली. ते हसणं मी अकरा वर्षं जपून ठेवलंय.

कागद चिकटवला की डिस्क नीट फिरत नाही आणि पुढेमागे दगा देते, हे मला माहीत होतं. मी चांगल्यातली डिस्क आणली, सगळ्यात कमी वेगाने लिहिली, कॉम्प्युटरकडून मूळ फाइलशी ताडून घेतली आणि डबीत घालून कपाटात उभी ठेवली, उन्हापासून लांब. तिची खिडकीशेजारी, टीव्हीवर. मी तिला कागदाबद्दल सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उलट तिची डिस्क माझ्यापेक्षा चार मिनिटं कमी भरते, हे चारचौघांत ऐकवलं. "नटवायच्या नादात कापाकापी, दुसरं काय," असं म्हणाले.

गेल्या वर्षी सासरे गेले. परवा सासूबाई म्हणाल्या, "मला एकदा यांचा आवाज ऐकायचाय." टेपला केव्हाच बुरशी लागली होती. जावेची डिस्क घातली, तर पडद्यावर नुसते चौकोन, मग तेही नाहीत. फोटोची एक कड सुटून वर आली होती. जाऊ रडवेली झाली. मला मात्र आतून उकळ्या फुटत होत्या. मी सावकाश उठले आणि कपाट उघडलं.

माझी लागली. कुठे अडकणं नाही, थांबणं नाही. सासरे उभे राहिले, घसा खाकरून म्हणाले, "हिने मला पन्नास वर्षं सहन केलं, तुम्ही पाच मिनिटं करा." सासूबाई हसता हसता रडल्या. त्यांनी माझा हात घट्ट धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

डिस्क मी ताडून घेतली होती, पण बसून शेवटपर्यंत कधी पाहिली नव्हती. पडद्यावर सगळे जेवायला उठले, रिकाम्या खुर्च्या उरल्या. कॅमेरा बंद करायचं काम माझ्याकडे होतं, तेवढं राहून गेलेलं दिसत होतं. मग माझाच आवाज आला, नवऱ्याशी बोलणारा, अगदी स्वच्छ.

"स्वयंपाक मी करायचा आणि कौतुक तिचं. पदरात पोर नाही ना, मग नटायला वेळच वेळ."

तेव्हा तिला मूल होत नव्हतं. पुढेही झालं नाही.

रिमोट माझ्याच हातात होता. आवाज बोलतच राहिला. जावेने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"तुला माहीत होतं?" मी कसंबसं विचारलं.

"तेवढीच चार मिनिटं कापली होती, वहिनी."

सासूबाईंनी माझा हात कधी सोडला ते मला कळलं नव्हतं. भिंतीकडे बघत त्या म्हणाल्या, "ते काढून टाक त्यातलं."

"यातून निघत नाही, आई. नवी करावी लागेल."

"मग करा ना," जाऊ म्हणाली. "मलाही एक द्या. तुमच्या हातची टिकते."

तिच्या आवाजात टोमणा असेल म्हणून मी कान देऊन ऐकलं. नव्हता. अकरा वर्षं तिने ते पोटात ठेवलं, माझे टोमणे ऐकून घेतले, आणि मला लाज वाटायच्याही आधी मनात आलं ते एवढंच, की चांगलं वागण्यातही पहिला नंबर हिनेच पटकावला.