सहावी दाढ

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी सात वर्षांच्या एका मुलीने माझे दात मोजले.

मित्रांनो, मी एक जुना प्लास्टरचा जबडा आहे. दातांच्या दवाखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर राहतो. आमच्या डॉक्टरीणबाई शिकत होत्या तेव्हा त्यांनी आपल्या चार वर्षांच्या भाच्याच्या दातांचा ठसा घेतला आणि त्यात प्लास्टर ओतून मला घडवले. भाच्याला आता दाढी आहे. मी मात्र चारच वर्षांचा राहिलो. माझ्या पाठीवर चिठ्ठी आहे : ‘दुधाचे दात, एकूण वीस.’

दात कसे घासावेत हे शेकडो मुले माझ्यावर शिकली. एकाने माझ्या तोंडात पेन्सिलही खुपसली होती. मध्यंतरी भिंतीवर रंगीत तक्ते आले आणि मी दोन वर्षे कपाटावर धूळ खात पडलो. पण तक्त्यात बोट घालता येत नाही, म्हणून मुलांनीच मला खाली आणवले.

गेल्या वर्षी या मुलीचे बाबा स्वतःची दाढ दाखवायला आले होते. वाट पाहता पाहता त्यांनी मला उचलले, चिठ्ठी वाचली आणि ठेवून दिले. पुढे मुलीच्या मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसला, तेव्हा त्यांना तीच चिठ्ठी आठवली आणि ते निर्धास्त राहिले. मंगळवारी ते आले, कारण मुलगी त्या बाजूने चावेनाशी झाली होती.

“दुधाचीच आहे ना, डॉक्टर? पडेलच की. उगाच कशाला कोराकोरी?”

“मागची एखादी दाढ पडलीय का तिची?”

“एकही नाही. म्हणून तर म्हणतोय.”

बाईंनी मला मुलीच्या मांडीवर ठेवले. “खालच्या दातांच्या मधोमधून एका बाजूने मागे मोज. आधी याचे, मग तुझे.”

तिने माझ्यावर बोट फिरवले. “याचे पाच.” मग तेच बोट धुऊन स्वतःच्या तोंडात घातले. “माझे सहा. याला एक कमी का?”

“कमी नाही. तो लहानच राहिला, तू मोठी झालीस.”

“पण मागचं काही पडलंच नाही, तर नवीन आली कुठून?” बाबांनी विचारले.

“मागे जागा होती, तिथे आली. सहाव्या वर्षाच्या आसपास येते, कुणाला पत्ता लागत नाही. खाचा खोल, ब्रश पोचत नाही. कीड आधी तिथेच लागते. आणि ही कायमची दाढ. ही गेली की दुसरी येत नाही.”

बाबांनी मला उलटे करून चिठ्ठी पुन्हा वाचली. “मी यावरच विसंबलो.”

“चिठ्ठी खरीच आहे. याचे सगळे दुधाचेच आहेत.”

“बाबा, तू मोजले नाहीस?”

“चिठ्ठीवरचे मोजले गं. तुझे सोडून.”

मित्रांनो, माझ्या अंगावर खोटे काही लिहिलेले नाही, तरी त्या दिवशी मला माझी चिठ्ठी टोचली. तुमचे दात माझ्यावर मोजू नका. आरसा घ्या, घरातल्या मोठ्यांना बोलवा आणि स्वतःच्या तोंडात मोजा. पाचच्या मागे सहावी आली असेल, तर ब्रश तिथवर न्या. दुधाच्या दातांचीही हेळसांड करू नका. मला माझे वीसच्या वीस प्यारे आहेत.

बाईंनी कीड काढली. ती दाढेच्या आतल्या नसेच्या अगदी जवळ गेली होती. औषध भरून त्यांनी सहा आठवड्यांनी बोलावले आहे. नस जगली की नाही, ते तेव्हा कळेल. आज सकाळी बाबांचा फोन आला होता. दुखत नाही, पण गार पाणी दाढेला अजून झोंबते.