विहिरीचं वाक्य

रवींद्र वकिलांची स्कूटर गल्लीच्या टोकाला वळल्याचा आवाज आला, तसे बळीराम गजभिये उठले आणि त्यांनी कपाटातून जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला. शेवटच्या पानांत एक पाकीट होतं. चौदा वर्षं ते तिथेच होतं. शब्दकोश जवळजवळ रोज उघडला जायचा, पण पाकिटाच्या बाजूने नाही. त्यांनी चष्मा पुसला आणि आतला कागद उलगडला. तीन ओळी होत्या.

‘बळीरामजी, छापील भाषण वाचलं. विहिरीचं वाक्य मी बोललो नव्हतो. ते कोणाचं आहे, कळवावे.’

खाली रुपराव भोयर यांची सही, वर दिल्लीचा पत्ता आणि फेब्रुवारी १९६८ची तारीख. या पत्राला बळीरामांनी उत्तर दिलं नव्हतं.

रुपराव तेव्हा विरोधी बाकावरचे खासदार होते. नरखेडकडे त्यांची संत्र्याची बाग होती. इंग्रजी वाचता येई, पण बोलायला उभे राहिले की जीभ अडे, आणि आपलं हिंदी त्यांना स्वतःलाच आवडत नसे. म्हणून ते अध्यक्षांची परवानगी घेऊन मराठीत बोलत. त्या काळी अशा सभासदाला आपल्या भाषणाचं इंग्रजी भाषांतर आधी द्यावं लागे आणि छापील वृत्तांतात तेच येई. रुपराव काय बोलणार ते नागपुरातच बोलून दाखवत, येरझारा घालत, संत्र्याच्या फोडी तोंडात टाकत. बळीराम विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला होते. ते कोपऱ्यात बसून लिहून घेत, आणि घरी येऊन त्याचं इंग्रजी करत. धान्याचा तुटवडा, रेल्वेचं अंदाजपत्रक, स्थानबद्धतेचा कायदा, अशी अकरा भाषणं झाली. कुठे त्यांचं नाव नव्हतं आणि ते नसणंच त्यांना बरं वाटे.

बारावं भाषण बौद्धांच्या सवलतींबद्दल होतं. छप्पन साली ज्यांनी नागपुरात धर्म बदलला, त्यांच्या केंद्राच्या सवलती त्यामुळे जाऊ नयेत, असं रुपरावांचं म्हणणं होतं. बळीराम स्वतः त्या दिवशी मैदानावर होते. आईही होती. भाषण चांगलं होतं, आकडेही बरोबर होते. पण इंग्रजी करताना दुसऱ्या पानाच्या शेवटी बळीरामांचा हात थांबला नाही. एक वाक्य त्यांनी आपल्या पदरचं घातलं. धर्म बदलला, पण विहीर काही घराजवळ आली नाही.

ते दिल्लीत बोललं गेलं नाही. छापलं मात्र गेलं.

मग हे पत्र आलं. बळीरामांचं आयुष्य कचेरीतल्या कागदांत गेलेलं. पुस्तक उशिरा परत आलं तर कोणी घेतलं, कळवावे. खुर्ची मोडली तर जबाबदार कोण, कळवावे. असे कागद कशासाठी येतात हे त्यांना पाठ होतं. देशाच्या सभागृहात आपण दुसऱ्याच्या तोंडी खोटं वाक्य घातलं, आता त्याचा खुलासा मागितला आहे, असं त्यांनी धरलं. आठ दिवस जेवण गेलं नाही. पुढच्या अधिवेशनाच्या आधी रुपरावांचा निरोप आला, तेव्हा डोळे दुखतात म्हणून त्यांनी कळवलं. रुपरावांनी दुसरा माणूस पाहिला. एकाहत्तरला ते निवडणूक हरले आणि बागेत जाऊन बसले.

आता रवींद्र वकिलांना रुपरावांच्या पंचाहत्तरीला लोकसभेतल्या भाषणांचं पुस्तक काढायचं होतं. मूळ मराठी कोणाकडेच नव्हतं. वृत्तांतातल्या इंग्रजीवरून परत मराठी करायचं, आणि ते काम पहिलं इंग्रजी ज्यांनी केलं त्यांनीच करावं, असा त्यांचा आग्रह होता. छपाईआधी सगळं रुपरावांना वाचून दाखवायचं होतं. चहा संपवताना वकील हसत म्हणाले होते,

“भाऊ बोलले मराठीत, छापलं इंग्रजीत, आता पुस्तक मराठीत. भाऊंले स्वतःचंच भाषण ओळखू नाही आलं तर मंग काय करता, काका?”

बळीराम हसले नव्हते.

पत्र हातात घेऊन ते तसेच उभे होते. कौसल्याबाई भाजी निवडत होत्या. हे पत्र त्यांना ठाऊक होतं. नवरा झाकून ठेवतो त्या सगळ्या गोष्टी त्यांना ठाऊक असत.

“ते वाक्य गाळून टाका ना,” त्या म्हणाल्या.

“छापील वृत्तांत आहे तो. त्यातलं गाळता येत नाही.”

“मंग राहू द्या.”

“राहू दिलं तर भाऊ ऐकतील. म्हणतील, यानं तेव्हाही खोटं लिहिलं आणि आताही लिहितो.”

“म्हणाले तर म्हणाले. नरखेडची एष्टी दोन घंट्यात पोचते. चौदा वर्सांत नाही गेले तुमी.”

बळीरामांनी पत्र शब्दकोशात परत न ठेवता खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून ते ग्रंथालयात जाऊ लागले. नोकरी सुटून चार वर्षं झाली होती, पण खिडकीजवळचं टेबल नानाजींनी त्यांना मोकळं ठेवलं. नानाजी त्यांच्याच हाताखाली शिकलेले. वृत्तांताचे खंड तळघरातून वर आले. थंडीचे दिवस होते, ऊन टेबलावर अकरापर्यंत टिके. स्वतःचं जुनं इंग्रजी वाचताना बळीरामांना प्रथम लाज वाटली, मग हळूहळू मजा वाटू लागली. इंग्रजी वाक्याखालून रुपरावांचा आवाज ऐकू येई, कुठे ते थांबले होते, कुठे फोड तोंडात होती ते आठवे, आणि मराठी आपोआप कागदावर उतरे. घरी परतताना ते इतवारीतून मुद्दाम पायी येत. कौसल्याबाईंच्या लक्षात आलं की ते दोन पोळ्या जास्त खाताहेत.

अकरा भाषणं झाली. बारावं त्यांनी सोडून दिलं आणि तेरावं घेतलं. इथून पुढचं इंग्रजी दुसऱ्याचं होतं. ते नीटनेटकं होतं, आपल्यापेक्षा बरंच, असं त्यांना वाटलं.

एकोणसत्तरच्या ऑगस्टचा खंड उघडला तेव्हा दुपार होती. पिण्याच्या पाण्याच्या योजनांवर चर्चा होती. रुपराव बोलत असताना सरकारी बाकावरच्या एका सभासदाने त्यांना अडवलं होतं. सन्माननीय सभासदांनी मागे विहिरीबद्दल फार सुंदर वाक्य म्हटलं होतं, तो म्हणाला होता. पण आम्ही ऐकतो की त्यांच्या स्वतःच्या बागेत तीन विहिरी आहेत.

बळीरामांचं बोट ओळीवर थांबलं. खाली रुपरावांचं उत्तर छापलं होतं.

‘चार आहेत. म्हणूनच ते वाक्य माझं असू शकत नाही. मी ते बोललो नव्हतो, ते माझ्या भाषणात छापून आलं. ज्याला पाणी मागून घ्यावं लागलं अशा कोणाचं तरी ते आहे. माझ्या सगळ्या भाषणात ऐकण्यासारखं तेवढंच होतं. ते कोणाचं, हे मी पत्राने विचारलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही. आलं की सभागृहाला नाव सांगेन.’

पुढे कंसात ‘हशा’ असं छापलं होतं. मग अध्यक्षांनी पुढच्या सभासदाचं नाव पुकारलं होतं.

बळीरामांनी ते तीनदा वाचलं. मग खिशातलं पत्र काढून खंडाच्या शेजारी ठेवलं आणि त्या तीन ओळी वाचल्या, जशा रुपरावांनी येरझारा घालत विचारल्या असत्या तशा. ते कोणाचं आहे.

“काय झालं, सर?” नानाजींनी पलीकडून विचारलं. “हासून राहिले तुमी.”

“काही नाही. एक उत्तर येणं बाकी आहे, असं इथं लिहिलंय.”

“कोणाचं?”

“आहे एकाचं,” बळीराम म्हणाले आणि त्यांनी खंड मिटला.

घरी येऊन ते लिहायला बसले. पहिला मसुदा दोन पानी झाला. त्यात दिलगिरी होती, डोळ्यांच्या दुखण्याचा खुलासा होता, भाषांतरकाराच्या मर्यादांवर एक परिच्छेद होता. त्यांनी तो कौसल्याबाईंना वाचून दाखवला. त्या गहू पाखडत ऐकत होत्या.

“त्यायनं इचारलं काय होतं?”

“वाक्य कोणाचं, ते.”

“मंग तेवढंच सांगा ना. मायचं नाव लिहाले दोन पानं कायले लागतात?”

दुसरा मसुदा अर्ध्या पानाचा झाला.

‘आपले पत्र मिळाले. ते वाक्य माझी आई तुळसाबाई गजभिये हिचे. धर्मांतरानंतरच्या उन्हाळ्यात वरच्या आळीतल्या विहिरीवर ती घागर घेऊन उभी होती. वरून कोणी पाणी घालील तर घ्यायचे, अशी रीत. दीड तासाने घरी आली, घागर ठेवली आणि म्हणाली, धरम बदलला बापा, पण इहीर काही घराजवळ नाही आली. रागाने म्हणाली नाही. नुसते सांगितले. आपल्या भाषणात मी ते कोणालाही न विचारता घातले, तिलासुद्धा नाही. ती आपल्याच मतदारसंघातली मतदार होती. मत आपल्याला दिले होते की नाही, हे तिने मला कधी सांगितले नाही. तिला जाऊन नऊ वर्षे झाली. उत्तराला उशीर झाला.’

खाली त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली. मग बारावं भाषण घेतलं आणि संध्याकाळपर्यंत त्याचं मराठी केलं. दुसऱ्या पानाच्या शेवटी ते वाक्य त्यांनी आई बोलली तसंच लिहिलं आणि समासात बारीक अक्षरात तिचं नाव टाकलं. ठेवायचं की काढायचं ते आता रुपरावांनी ठरवावं.

सकाळी त्यांनी सदर भागातल्या टपाल कचेरीत जाऊन तिकीट घेतलं. पेटीपाशी उभं राहून पत्ता पुन्हा तपासला, तालुका वाचला, जिल्हा वाचला आणि पाकीट आत सोडलं. घरी जायला वळले आणि परत उभे राहिले. थोड्या वेळाने खाकी कपड्यातला माणूस आला, त्याने कुलूप काढलं आणि पत्रं पिशवीत ओढली. त्यांचं पाकीट पालथं पडलं. माणसाने पिशवीचं तोंड आवळता आवळता त्यांच्याकडे पाहिलं.

“काही टाकायचं राहिलं काय, बाबूजी?”

“नाही गा,” बळीराम म्हणाले. “पाहून राहिलो नुसता.”