उपड्या झोपलेल्यांची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. पण डोक्याखाली घ्यायची नव्हे, तोंडाखाली घ्यायची! पाठीचं ऑपरेशन करायचं तर माणसाला उपडं झोपवावं लागतं. मग त्याचं तोंड ठेवायचं कुठं? त्यासाठी मी. माझा आकार घोड्याच्या नालेसारखा. कपाळ आणि गाल माझ्या कडांवर टेकतात. डोळे, नाक आणि तोंड मधल्या पोकळीत मोकळी राहतात.

माझा जन्म वाळूजच्या कारखान्यांतल्या एका शेडमध्ये झाला. आत फोम, वर काळं रेक्झिन. तिथून आले ती थेट शहरात, उस्मानपुऱ्यातल्या एका दवाखान्यात. शहर तेव्हा चहूकडे पसरत होतं आणि पाऊस मात्र पाठ फिरवून बसला होता. आमच्या दवाखान्यातही टँकरचंच पाणी. नव्या इमारतींवरून पडलेले गवंडी आणि मजूर यायचे, त्यांची तोंडं मी तासन्‌तास सांभाळायचे. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर म्हणायचे, "उशी आहे बुवा कामाची!" मीही फुशारून जायचे. गर्वाचं घर खाली असतं, हे मला पुढं कळलं.

भूल देणाऱ्या सत्यशीला डॉक्टरांची एक सवय होती. दर पंधरा मिनिटांनी त्या वाकून माझ्या पोकळीत हात घालायच्या आणि रोग्याचे डोळे मोकळे आहेत ना, हे बोटांनी चाचपायच्या. डोळा दाबला गेला तर जागा माणूस मान वळवतो, ओरडतो. भुलीतला काय करणार? त्याला काही कळतच नाही, आणि दाबलेल्या डोळ्याचं रक्त थांबलं की थोड्या वेळात नजर जाते.

एका दुष्काळात मल्हारी आला. सोयगावकडचा मेंढपाळ. चाऱ्यासाठी कळप घेऊन तो शहराच्या कडेला आला होता, पण इथल्या माळावर गवताऐवजी प्लॉटचे खांब उगवलेले. मेंढरांना पाला तोडायला बाभळीवर चढला आणि फांदीसकट खाली आला. कमरेचा मणका मोडला, पाय सुन्न झाले. त्यात त्याचा उजवा डोळा लहानपणीच काटा लागून गेलेला. सगळा कारभार एका डाव्या डोळ्यावर चाललेला.

ऑपरेशनच्या दारात त्याच्या बायकोनं, दगडाबाईनं, पुडी सोडली आणि खंडोबाचा भंडारा त्याच्या कपाळाला, गालांना फासला. चिमूटभर नाही, चांगला मूठभर. धनी असा आत जात असताना ती हात आखडता कसा घेणार?

आत आल्यावर सुकेशनी सिस्टरनं ओला बोळा उचलला आणि ती थांबली. "मॅडम, देवाचं हाय. पुसू का?"

"वरवर पूस," सत्यशीला डॉक्टर म्हणाल्या. त्यांनाही घासूनपुसून काढणं जिवावर आलं असावं. हळदीची भुकटी राहिली आणि त्याचं कपाळ माझ्या रेक्झिनवर घट्ट बसेना.

ऑपरेशन सुरू झालं. मणक्यात स्क्रू पिळताना अंग हलतंच. कपाळ दोन बोटं सरकलं आणि त्याचा डावा डोळा माझ्या कडेवर आला. मला ते कळत होतं. त्याच वेळी रक्त फार जाऊ लागलं, ब्लडप्रेशर घसरलं, आणि सत्यशीला डॉक्टर रक्ताच्या पिशव्यांत गुंतल्या. सव्वा तास कुणाचाच हात आत आला नाही. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. मी नुसती त्याचा डोळा दाबत राहिले.

दुपारी मल्हारी शुद्धीवर आला. सुकेशनीनं त्याला पाय हलवायला सांगितलं. पाय हलले! सगळे खूश. तेवढ्यात तो म्हणाला, "सिस्टर, पंखा फिरतुया, मंग लाइट का लावंना?"

डोळ्यांचे डॉक्टर धावत आले, औषधं झाली. उपयोग झाला नाही.

दुसऱ्या सकाळी सत्यशीला डॉक्टरांनी मला काखेत मारलं. मोठे डॉक्टर आडवे आले. "उशी कशाला नेताय? भंडाऱ्यामुळं घसरलं म्हणून सांगा. खोटं थोडंच आहे?" त्या त्यांना वळसा घालून मला वॉर्डात घेऊन गेल्या.

तिथं दगडाबाई खाली बसलेली, पुढ्यात भाकर तशीच. भंडाऱ्याची कुजबुज तिच्या कानावर आधीच गेली होती. कालपासून तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. "म्याच लावला भंडारा," ती म्हणाली. "म्याच ह्यांचा डोळा घालवला."

सत्यशीला डॉक्टर तिच्याशेजारी फरशीवर बसल्या. "मावशी, तुम्ही लावला, पण नीट पुसून काढणं आमचं काम होतं. आणि डोळा बघत राहणं माझं. मी सव्वा तास बघितलाच नाही. तो या उशीवर दाबला गेला. चूक माझी आहे."

"बघू ती उशी," मल्हारी म्हणाला. मेंढराची लोकर पारखावी तशी त्यानं माझ्यावरून बोटं फिरवली. "लई मऊ हाय की. मला वाटलं, दगड असंल." मग विचारलं, "नजर येईल का, बाई?"

"नाही, बाबा."

त्यानं मला चाचपत बाजूला ठेवलं. मग बायकोच्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाला, "ऐकलं का गं? तुझं काय बी नाय त्यात. जेव आता."

दगडाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला. मला माझी फार लाज वाटली.

काही दिवसांनी मल्हारी चालत घरी गेला, तिच्या खांद्यावर हात ठेवून. मेंढरं विकावी लागली. माझ्या जागी खाली आरसा असलेली उशी आली, डोळे सतत दिसावेत म्हणून. मी माळ्यावर पडून आहे, आणि ते बरोबरच आहे.

मित्रांनो, कुणी विश्वासानं तुमच्या हवाली होऊन झोपी गेला, तर त्याच्यासाठी तुम्ही जागे राहा. रोजची सवय घाईच्या दिवशी तर मुळीच मोडू नका. आणि तरीही हातून चुकलं, तर त्याच्या माणसांपाशी बसून स्वतःच्या तोंडानं सांगा. नाहीतर भलतीच माणसं उपाशी राहतात.