मजारथून कडी

पिंप्राळ्याच्या खोलीतला कॉम्प्युटर परवापासून चालूच होता. जीवराम त्याला हात लावू देत नव्हता कुणाला. त्याच्या पोटात मायची गाणी होती.

माय म्हणजे द्रौपदाबाई. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला तिच्या गळ्यावाचून गाव बसत नसे. परवा ती खुर्चीशेजारी मांडी घालून म्हणत गेली आणि जीवराम टाइप करत गेला. प्रोग्राम त्याचा स्वतःचा, अर्धाच लिहिलेला. गाणी आत टाकायची सोय झाली होती. पाहायची आणि डिस्कवर उतरवायची व्हायची होती. तोवर सगळं नुसतं मेमरीत, प्रोग्राम चालू आहे तोवरचं.

"मनं गानं या डबामा ऱ्हाई का रे भाऊ?"

"बठ्ठं ऱ्हाई, माय." सगळं राहील, असं तो छातीठोक म्हणाला होता.

त्याच संध्याकाळी तिला झटका आला. वाचा गेली.

धुळ्याचा कौतिक त्याच्याच धंद्यातला दोस्त. तो फोनवर म्हणाला, "रडतोस काय बायकांवाणी? मी दिलेलं डेटा पाहायचं टूल आहे ना, ते बाहेरून जोड. डेटाबेसचं नाव टाक, दिसेल."

जीवरामने टूल उघडलं. गाण्यांच्या डेटाबेसला त्याने मायचंच नाव दिलं होतं, ते टाकलं : द्रौपदा. टूल लगेच म्हणालं, जोडलं. खाली मात्र कोरं. पुन्हा जोडलं, पुन्हा कोरं.

म्हणजे गाणी आत गेलीच नव्हती! चूक शोधू, कानात आहे तोवर परत टाकू, असं म्हणत त्याने प्रोग्राम बंद केला आणि नव्याने चालू केला.

तेवढ्यात फोन वाजला. कौतिकच.

"जीवराम, एक सांगायचं राहिलं बघ. पारोळ्यात उभा राहून तू चोपड्याच्या द्रौपदाबाईला हाक मारलीस, तर ओ कोण देईल? पारोळ्याचीच एखादी! ते टूल तसंच आहे. नाव सापडलं नाही की आपल्याच मेमरीत त्याच नावाचं रिकामं घर बांधतं, अन् म्हणतं, या बसा. खरं घर तुझ्या प्रोग्रामच्या पोटात. त्याने आतून दार उघडलं तरच बाहेरचा आत जाईल. दार लिहिलं नसशील तर राहू दे, मी येतो, काढू काहीतरी. तू फक्त तो प्रोग्राम बंद करू नको. ऐकतोस ना? हॅलो?"

जीवरामने रिसीव्हर खाली ठेवला.

खाटेवर माय डोळे उघडे ठेवून पडली होती. तो तिच्या कानाशी वाकला.

"माय, कानबाई उनी, दारमा उभी ऱ्हायनी... मजारथून कडी कोनी लाई... पुढे काय वं?"

कानबाई आली, दारात उभी राहिली, आतून कडी कोणी लावली, एवढा सवालच त्याला आठवत होता. जबाब त्याने बोटांनी टिपला होता, कानांनी नाही. खाटेच्या कडेवर त्याची बोटं उगाच चालून पाहत होती, पण त्यांतून एक अक्षर उठेना.

मायचे ओठ हलले. नुसता वारा आला.