मांडीवरची मोजत नाहीत

सासरी तिला सगळे यादीबाई म्हणत. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने वाणसामानाची यादी कपाटाच्या दाराला चिकटवली होती, तेव्हापासूनचं हे नाव. आधी तो टोमणा होता, मग सवय झाली. आणि सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्याच नावावर अख्ख्या गोतावळ्याची सहल तिच्या गळ्यात पडली. "यादीबाई आहे ना, ती बघेल," असं थोरली जाऊ म्हणाली आणि यादीबाई बघायला लागली.

गाड्या भाड्याने देणाऱ्या ऑफिसातल्या माणसाने मान वर न करता विचारलं होतं, "सीट किती?"

"सत्तावीस. आणि एक मांडीवरची. माझी मुलगी, साडेतीन वर्षांची."

"मांडीवरची आम्ही मोजत नाही, मॅडम. सत्तावीस नावं आणि फोन नंबर लिहा. एक प्रत तुमच्याकडे, एक ड्रायव्हरकडे."

तिने नावं मानाप्रमाणे लिहिली. पहिले सासरे, मग सासूबाई, मग नवऱ्याच्या आत्याबाई, आणि असं उतरत उतरत सत्ताविसाव्या ओळीवर ती स्वतः. मांडीवरची खारू कुठल्याच ओळीवर नव्हती.

तळ्याकाठच्या बागेत दिवस छान गेला. घोटाळा झाला तो परतताना. चार वाजता सगळे गाडीपाशी जमले आणि गाडी सुरूच होईना. ड्रायव्हरकाका बॉनेटमध्ये डोकं घालून बसले, ऑफिसला फोन झाले, आणि तासाभराने दोन छोट्या गाड्या आल्या. एकीत तेरा माणसं, दुसरीत चौदा. यादीबाई हातात पेन घेऊन दारात उभी राहिली. नाव घ्यायचं, माणूस चढला की खूण करायची. पहिल्या गाडीत नवरा चढला, तेरा खुणा झाल्या, गाडी निघाली. दुसरीच्या दाराशी आत्याबाईंना वर चढवलं, जावेच्या मुलांना दटावलं, शेवटी स्वतः चढली आणि आपल्या नावापुढे खूण केली. सत्तावीस. तिने यादीची घडी घातली तेव्हा तिला दिवसभरात पहिल्यांदा पाठ टेकावीशी वाटली.

खारूला तिने शेवटचं पाहिलं होतं ते बापाच्या खांद्यावर, पहिल्या गाडीपाशी.

अर्धा-पाऊण तास रस्ता नुसता पळत होता. पुढच्या सीटवर आत्याबाईंचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या फोनवर नेहमी ओरडतात. "कोण? गाडी? नको बाबा आम्हाला गाडी! अरे, गाडीतच बसलेय मी!" असं म्हणून त्यांनी फोन कट केला. "मेले सकाळ-संध्याकाळ काही ना काही विकत असतात." गाडीभर हशा पिकला. यादीबाईही हसली.

लगेच तिचा फोन वाजला. नवरा होता.

"अगं, खारूची बाटली माझ्याकडेच राहिलीय. तहान लागली असेल तिला. तुमच्याकडे पाणी आहे ना?"

"खारू तुझ्याकडे आहे," ती म्हणाली.

"माझ्याकडे कुठे? पाण्याचा कॅन चढवायचा होता म्हणून मी तिला खाली उतरवलं. म्हटलं, आईकडे पळ."

तिच्या कानात फक्त त्याच्या गाडीचा हॉर्न वाजला.

मग ती उठली आणि सीटांखाली वाकून बघायला लागली. माणसांच्या पायांमधून, पिशव्यांमागे, पुन्हा एकदा त्याच सीटखाली. सासूबाई विचारत होत्या, "काय हरवलं गं?"

"गाडी फिरवा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "माझी मुलगी मागे राहिलीय. फिरवा गाडी!"

ड्रायव्हर तरुण होता. त्याचा चेहरा उतरला, पण हात स्टिअरिंगवरून हलले नाहीत. "बाई, मधे दुभाजक आहे. नऊ किलोमीटरवर वळण आहे. त्याआधी नाही वळता येत."

"मग पळवा!"

"पळवतोय."

पळवत होता, पण ज्या बाजूला ती खारूपासून दूर जात होती त्याच बाजूला. तळ्याला कठडा नव्हता. पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या, आणि दुपारभर खारू त्या पायऱ्यांवरून खडे टाकत होती. डाव्या बुटाचा पट्टा सैल होता. सकाळीच बदलायचा राहिला होता.

तिने बागेच्या फाटकावरचा नंबर लावला. कुणी उचलला नाही. ऑफिसला लावला. "बघतो मॅडम, होल्ड करा," म्हणत त्या माणसाने तिला वाजत्या सुरावर टांगून ठेवलं. तो बंद करून तिने ड्रायव्हरकाकांचा नंबर लावला. बिझी. पुन्हा लावला, बिझी. पुन्हा नवरा, पुन्हा फाटक, पुन्हा काका. बिझी. मुलगी बेपत्ता असताना हा माणूस कुणाशी एवढ्या गप्पा मारतोय!

"सत्तावीस जणांवर खुणा केल्यास," जाऊ मागून म्हणाली. आवाज रडवेला होता, पण जीभ सवयीने चाललीच. "आणि पोटची विसरलीस?"

कुणीतरी "अगं, गप्प बस" म्हणालं. यादीबाईला राग आला नाही. ती तेच शब्द स्वतःला कधीपासून म्हणत होती.

आणि मग तिला ते आठवलं. सकाळी गाडीत चढण्याआधी तिने खारूपुढे गुडघे टेकून तीनदा वदवून घेतलं होतं. हरवलीस तर रडत फिरायचं नाही. कुणाचा हात धरायचा नाही. आपल्या गाडीत जायचं आणि एकदम मागच्या सीटवर बसायचं. आई तिथेच येणार.

आपली गाडी. ती बंद पडलेली गाडी उन्हात उभी होती. काचा लावलेल्या, आणि आता दारही लावलं असेल. खारू शहाणी होती, सांगितलेलं ऐकायची. ती मागच्या सीटवर बसेल, तिथेच झोपेल, हाक मारणार नाही. हे सगळं तिला आईनेच शिकवलं होतं. यादीबाईने तोंडावर हात दाबला. आत्ताआत्तापर्यंत ती मनात घोकत होती, पाण्याकडे जाऊ नकोस, गाडीत जाऊन बस. आता काय घोकावं हेच तिला कळेना.

"वळण," ड्रायव्हर म्हणाला, आणि गाडी कलंडल्यासारखी फिरली.

तेवढ्यात आत्याबाईंचा फोन पुन्हा वाजला. "परत हाच मेला!" त्या करवादल्या. "मघाशीच सांगितलं, गाडी नको!" बोट लाल बटणाकडे गेलं.

"आत्याबाई, थांबा!" यादीबाईने फोन जवळजवळ ओरबाडला. "हॅलो! कोण?"

"अहो, कट करू नका!" ड्रायव्हरकाका ओरडत होते. "बंद गाडीचा ड्रायव्हर बोलतोय मी! तुमच्यातलं एक लेकरू आहे माझ्याकडे! पिवळा फ्रॉक!"

ती सीटांच्या मधल्या वाटेत खालीच बसली.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"घामाने भिजलीय नुसती. पाणी पाजलं, सावलीत बसवलंय. बिस्किट खातेय. बाई, गाडी ओढून न्यायला लोक आले, दाराला कुलूप लावायचं होतं. मी लावण्याआधी शेवटच्या सीटपर्यंत हात लावत जातो, सवय आहे. तर मागच्या सीटवर ही झोपलेली. यादीत नाव नाही, काही नाही. वरून फोन लावत सुटलो. पहिला बंद, दुसरा कुणी उचलेना, तिसऱ्या बाई अंगावरच येतात. खालच्या सगळ्यांना केले, कुणाचा बिझी, कुणाला रेंज नाही, एक लागेल तर शपथ. शेवटचा नंबर तर सारखा बिझी."

शेवटचा नंबर तिचा होता.

तिने नवऱ्याला कळवलं. बागेकडे परतणारा रस्ता संपता संपेना. खारू सापडली होती तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती दर दोन मिनिटांनी फोन करून काकांना विचारत होती, "आहे ना? समोर आहे ना?" आणि काका दर वेळी न कंटाळता सांगत होते, "आहे, बाई. बघतोय."

गाडी थांबायच्या आत तिने उडी मारली. झाडाखाली काका बसले होते, शेजारी खारू. केस कपाळाला चिकटलेले, गाल लालबुंद, गालावर सीटच्या कापडाची जाळी उमटलेली. तिने खारूला उचललं तेव्हा फ्रॉक अजून ओला होता.

"हरवले होते म्हणून मी आपल्या गाडीत बसले," खारू म्हणाली. "तू सांगितलं होतंस. तू किती उशिरा आलीस!"

"हो," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"काका, तुम्ही हात लावत गेला नसता तर?" तिने विचारलं. काकांनी खिशातून यादीची प्रत काढून तिच्या हातात ठेवली. घामाने कागदाची शाई पसरली होती.

छोट्या गाडीत सगळे सरकून बसले. जावेचे डोळे सुजले होते. तिने हात पुढे केले. "दे इकडे. दमली असशील. मी घेते मांडीवर."

"नको, ताई."

खारू दोन मिनिटांत झोपली. झोपेत तिचं अंग जड झालं. यादीबाई एक हात तिच्या छातीवर ठेवून श्वास मोजत राहिली. थोड्या वेळाने मांडी बधिर झाली, मग पोटरी, मग पावलापर्यंत काही कळेनासं झालं. घर अजून तासभर लांब होतं. तिने पाय हलवला नाही.