अकरा राजे आणि एक प्रजा

उत्तरेकडून चीनला जायची वाट शोधत हॉलंडहून निघालेलं आमचं जहाज बर्फात अडकलं, चेपलं, आणि आम्ही त्याच्याच फळ्यांची झोपडी बांधून किनाऱ्यावर राहू लागलो. सूर्य नोव्हेंबरात गेला तो गेलाच. 'होड्या काढून घरी जाऊ' असं कोणी म्हटलं की कप्तान एव्हर्ट म्हणायचे, "वाट पुढंच आहे. वसंतात चीन." अशात दोघं मेले. त्यांनाही कप्तान "चीनमध्ये भेटूच" म्हणाले.

मग जानेवारीत, नाताळानंतरचा तीन राजांचा सण आला. एकाच पोळीत वालाचा एक दाणा लपवायचा. तो ज्याच्या दाताखाली येईल तो त्या दिवसाचा राजा, आणि राजाचा हुकूम कप्तानानंही मोडायचा नाही. पण दाणा नेमका कप्तानांनाच मिळाला तर? आचारी टीमेननं खबरदारी घेतली. उरल्यासुरल्या पिठाच्या आम्हा बारा जणांसाठी बारा पोळ्या केल्या आणि अकरांत दाणा घातला; बारावी कप्तानांची.

"राजा मी!" सुतार लेनर्ट ओरडला.

"मीपण," मी म्हणालो.

वाउटरच्या हिरड्या सडल्या होत्या. त्यानं तोंडातलं तळहातावर काढलं. "यातला दाणा कुठला आणि दात कुठला, बघा रे कोणीतरी. बहुतेक मीही राजाच."

कप्तानांनी आपली पोळी नीट चावून संपवली. "म्हणजे प्रजा मी एकटाच. बोला, महाराज."

"घरी चला!" सगळे राजे म्हणाले. लेनर्टनं तर भांडणासाठी बाह्याही सरसावल्या.

कप्तान उठले, टोपी घातली, दार उघडलं. "जशी आज्ञा. निघू या."

बाहेर भर दुपारचा काळोख. होड्या होत्या तिथं बर्फाची टेकडी होती, आणि समुद्र होता तिथंही बर्फच. वारा आत घुसला, चूल विझत आली. एकही राजा जागचा हलला नाही.

"कुठल्या बाजूला, महाराज?" कप्तानांनी अदबीनं विचारलं.

आत्तापर्यंत घर होतं, फक्त हा एक माणूस आडवा उभा होता. आता तो बाजूला झाला आणि पलीकडे काहीच नव्हतं.

"दार लावा हो," वाउटर म्हणाला. "आणि नाही म्हणा."

"काय?"

"नाही म्हणा, कप्तान. रोजच्यासारखं. हुकूम आहे."

कप्तानांनी दार लावलं. टोपी काढून खुंटीला अडकवली.

"नाही," ते म्हणाले. "वसंतात चीन."

लेनर्टनं लगेच त्यांना म्हातारा गाढव म्हटलं. मग आम्ही सगळ्यांनीच शिव्या घातल्या, पण कोणाचंच मन त्यात नव्हतं.